काळा गोटा, जांभळी वाफ

दहावीला आमच्या शाळेत बरेचसे प्रयोग फळ्यावरच व्हायचे. सर खडूने चंबू काढत, खडूनेच त्याखाली दिवा पेटवत आणि खडूच्या ठिपक्यांनी वाफ वर चढवत. आम्ही ती आकृती वहीत उतरवून घेत असू. सामान मागवलेलं असायचं, यायचं मात्र नाही. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. त्यामुळे जे आलं नाही ते 'गोंदियाच्या वाट्याला गेलं' असं म्हणून मोकळं व्हायची आमच्या गावात, नाकाडोंगरीत, पद्धतच पडली होती. सरही हसत हसत तेच सांगत. मला मात्र राग यायचा. खडूच्या दिव्यावर काय डोंबल शिजणार?

आयोडीनचा प्रयोग तर मला हवाच होता. आयोडीन तापवलं की जांभळी वाफ निघते आणि तो रंग एकदा पाहिला की विसरत नाही, असं सर सांगत. शाळेत आयोडीन नव्हतं. ते ज्यातून काढता येतं ते पांढरं मीठ, पोटॅशियम आयोडाइड, एका तपकिरी बाटलीच्या तळाशी उरलं होतं. आम्लही होतं. घोडं अडलं होतं ते मँगनीज डायऑक्साइडपाशी. त्याची बाटली आमच्या आधीच्या कुठल्या तरी वर्गाने संपवली होती.

एक दिवस पुस्तकात त्याच नावापुढे वाचलं की ही काळी पूड असून मँगनीजच्या खनिजात सापडते. मी भर वर्गात हसले आणि त्याबद्दल उभीही राहिले. माझे वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत धुवायची, कारण पाणी काळंकुट्ट निघायचं. जेवायला बसताना त्यांचे हात स्वच्छ असत, पण नखांच्या कडांना मी कधी पांढरं पाहिलं नाही. डंपरमधून पडलेले काळे गोटे आमच्या रस्त्याच्या कडेला लोळत असत, आम्ही त्यांना लाथाडत शाळेत येत असू, आणि शाळेत येऊन गोंदियाच्या नावानं बोटं मोडत असू. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दप्तरात एक गोटा घालून नेला. सरांनी तो हातात तोलला आणि म्हणाले, बघू, पण यात दुसरंही बरंच काही मिसळलेलं असतं. आम्ही तो हातोडीने फोडून पाहिला, तुकडे मीठ आणि आम्लासोबत चंबूत घातले, तापवले. पाणी जरासं पिवळट झालं आणि तेवढ्यावरच थांबलं. सर म्हणाले, पूड काजळासारखी हवी. मग रोज मधल्या सुट्टीत मी चिनीमातीच्या खलात ते तुकडे घोटू लागले. मैत्रिणी चिडवायच्या की बाप खणतो नि पोरगी कुटते.

त्यांना ठाऊक नव्हतं की माझ्या जिवाला दुसराच घोर लागला आहे. अकरावीला विज्ञान घ्यायचं तर रोज बसने तालुक्याला, तुमसरला जावं लागणार होतं. वडिलांनी नाही म्हटलं होतं. रागावले नव्हते. "ते आपल्या घरचं काम नाही, बाई," एवढंच म्हणाले होते. गावात कला शाखा होती, तिथे माझं नाव घालायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी एकदा ठरवलं की पुढचं सगळं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी. सरांनी दोनदा निरोप धाडला तेव्हा कुठे ते शाळेत यायला तयार झाले, आणि तेही सरांना तोंडावर 'नाही' सांगायला.

ते आले तेव्हा चंबूतल्या पांढऱ्या मिठावर पूड नुकतीच पडली होती. खाणीतली पाळी संपवून थेट आले होते, भुवयांपर्यंत काळे. फरशी झाडलेली पाहून दारातच थांबले. ही तुमच्याच खाणीतल्या गोट्याची पूड आहे, बघा तरी, असा सरांनी आग्रह केला तेव्हा चपला बाहेर काढून आत आले आणि भिंतीला न टेकता उभे राहिले. आम्ल सरांनी आपल्या हाताने घातलं, खिडक्या उघडल्या, चंबूच्या तोंडावर गार पाण्याची बशी ठेवली आणि मला म्हणाले, दिवा तू पेटव.

मी पेटवला. चंबूत नुसता काळा चिखल. वडिलांनी घसा खाकरला आणि ज्यासाठी आले होते ते बोलायला सुरुवात केली. सरांनी हातानेच त्यांना थांबवलं.

आधी वाटलं, काचेवर काही तरी लागलंय. मग ते हललं. धुरासारखं घाईने वर न जाता ते जडपणे उठत, वळत, काचेला घासत चढू लागलं. आणि तो रंग! वांग्याचं फूल त्याच्या थोडं जवळ जातं, पण फुलाच्या पलीकडचं दिसत नाही. इथे रंगाच्या आरपार खिडकी दिसत होती, खिडकीतलं झाडही जांभळं. पूर्ण चंबू भरला. बशीच्या खालच्या अंगाला काळे चकचकीत कण धरू लागले. मी सहसा रडणारी नव्हे, पण तेव्हा माझे डोळे भरून आले. एवढं सुंदर काही या जगात होतं आणि ते माझ्या हातून झालं होतं.

वडील कधी टेबलाशी आले ते त्यांनाही कळलं नसावं. ते इतके वाकले की वाफ नाकात जाईल म्हणून सरांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"हे माह्या गोट्यातून निंगलं?" त्यांनी मला विचारलं.

'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि एका 'हो'त माझं तुमसर पक्कं होतं. पण जे आत्ता पाहिलं त्याच्यासमोर खोटं बोलायची मला भीती वाटली. म्हटलं, नाही बाबा, जांभळं त्या पांढऱ्या मिठातच होतं, गोट्याने त्याला फक्त बाहेर काढलं.

त्यांचा चेहरा उतरला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"अन् गोट्याचं का झालं?"

मी म्हटलं, तो आता त्या पाण्यात विरघळलाय, पहिल्यासारखा राहिला नाही.

ते पुन्हा चंबूकडे वळले. मग म्हणाले की तुझ्या जन्माच्या आधीपासून हा माल भरून राहिलो, लोखंडात टाकतात एवढंच माहीत होतं, तो असं काही करू शकते हे कोणी सांगितलं नाही. सरांकडे त्यांनी पाहिलंच नाही. मलाच विचारलं, "याच्या पुढचं कुठं शिकवतात?"

"तुमसरले."

दिवा अजून जळत होता. तो विझवायचं कुणाच्या लक्षात नव्हतं.

"पहिली बस कवा असते?"

ती वेळ मला वर्षभरापासून पाठ होती. मी तोंड उघडायच्या आत सरांनीच सांगितली.