इराणला न गेलेले सहा पंप

बँकेतून फोन आला तेव्हा पेटी चाकणच्या आमच्या गोदामात पट्ट्या मारून तयार होती. आत सहा पंप, इराणला जाणारे. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "साळुंखे सर, इन्व्हॉइसवर 'इंडस्ट्रियल पंप' लिहिलंय. हे चालणार नाही."

मी तेव्हा कंपनीचा एक्स्पोर्ट मॅनेजर होतो. आता पिंपळे गुरवला असतो, गुडघे कुरकुरतात आणि ही एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

आधी निर्बंध म्हणजे काय ते सांगतो. इराणशी व्यवहार करणाऱ्यांवर अमेरिकेने बंधनं घातली. आपली बँक अमेरिकन नाही, पण तिचा निम्मा धंदा डॉलरमध्ये. उद्या डॉलरचा रस्ताच बंद झाला तर? म्हणून इराण हे नाव वाचलं की बँका हात आखडतात. पूर्वी तेलाच्या बदल्यात रुपयांत व्यवहार चालायचा, तेव्हा आमचा माल सुखाने जायचा. भारताने ते तेल घेणं थांबवलं, तशी ती सोयही आटली. औषधं आणि दवाखान्याचं सामान यांना मात्र कागदावर सूट होती.

आमचे पंप दवाखान्याचेच होते. डायलिसिसला फार शुद्ध पाणी लागतं. ते गाळणाऱ्या प्लांटमध्ये आमचा स्टीलचा छोटा पंप बसायचा. माल घेणारा फरहाद पुण्यात शिकलेला. फोनवर "काय साळुंखे साहेब, जेवलात का?" असं झोकात विचारून मग हिंदीवर यायचा. त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही.

"साहेब, दो पंप बंद पड़ गए. सेंटर में तीन शिफ्ट चलती थी, अब दो. तीसरी शिफ्टवाले दूसरे शहर जाते हैं, चार घंटे बस में. मेरी खाला भी."

मग 'इंडस्ट्रियल' का लिहिलं? तर माझाच नियम. आमच्याकडे नवीन इन्व्हॉइस कुणी करायचंच नाही. जुनं उघडायचं, 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, नाव आणि तारीख बदलायची. "वर्णनाला हात लावू नका, कस्टमवाले प्रश्न विचारतात," हे मी सगळ्यांना बजावलेलं. डेअरीला जाणारा पंप इंडस्ट्रियल आणि दवाखान्याचाही इंडस्ट्रियल.

कागदपत्रं मुजावर बघायचा. शांत माणूस. तो म्हणाला, "साहेब, सोपं आहे. इन्व्हॉइस दुरुस्त केलंय. हॉस्पिटलचं पत्र फरहादभाईंनी पाठवलंय. आपलं डिक्लरेशन मी टाइप केलंय. सही करा, आत्ता पिंपरीला बँकेत नेऊन देतो."

मी वाचलं. माल दवाखान्यासाठीच आहे, याला मी व्यक्तिशः जबाबदार, असं होतं.

"अरे, पुढच्या महिन्यात अमेरिकन कस्टमरचं ऑडिट आहे. त्यात इराणच्या कागदावर माझी सही निघाली तर? माझ्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत राव."

"पण यात खोटं काय आहे साहेब?"

"खरं असलं तरी सही माझी आहे ना!"

कागद ड्रॉवरमध्ये गेला. 'एक-दोन दिवसांत बघू' म्हणालो. आठवड्याने एमडी साहेबांनी दोघांना बोलावलं. "पेटी अजून इथंच कशी?"

मी म्हणालो, "मुजावरने इन्व्हॉइसवर वर्णन चुकीचं टाकलं. बँकेने अडवलं."

मुजावर माझ्या शेजारीच उभा होता.

"अहो मुजावर, इतकी वर्षं काम करता!" एमडी म्हणाले. पुढच्या सोमवारपासून तो स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजायला. पंप एका डेअरीला गेले. ऑडिट झकास झालं.

फरहादला पाच महिन्यांनी दुबईच्या व्यापाऱ्याकडून दुसरे पंप मिळाले. तेव्हा त्याने फोन केला. खालाला, म्हणजे त्याच्या मावशीला, बस झेपेना, आठवड्यातून तीनदा जायची ती एकदाच जायला लागली, मग वारली. "अमरीका ने मार डाला, साहेब."

मी म्हणालो, "हो ना."

गेल्या महिन्यात सांगवीला मुजावरच्या घरी गेलो. चहा आला. म्हणालो, "मुजावर, ती चूक तुझी नव्हती."

"ते मला माहीतच होतं साहेब. एमडींना माहीत नव्हतं." त्याने कप खाली ठेवला. "ते हल्ली वाकडला मुलाकडे असतात. चला, रिक्षा बोलावतो."

बाविसाव्या मजल्यावर एमडींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठले पंप?"

मुजावर चार वर्षं स्टोअर्समध्ये होता. तो म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून सांगा साहेब. जरा मोठ्याने. त्यांना ऐकू कमी येतं."

मी सांगितलं, मोठ्याने. आतून सूनबाई बाहेर येऊन उभी राहिली, तरी सांगितलं. एमडी मुजावरकडे वळून म्हणाले, "मी तेव्हाच तुम्हाला विचारायला हवं होतं." मुजावर म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी फरहादला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं. माफ केलं असं म्हणाला नाही, शिवीही दिली नाही. फोन ठेवला. त्यानंतर त्याने उचललेला नाही.

निर्बंधांच्या कायद्यात औषधपाण्याला सूट असते, हे अगदी खरं. ती सूट पोहोचवायला मात्र चाकणमधला एखादा मॅनेजर लागतो, आणि तो बहुधा रिटायरमेंटला आलेला असतो.