कप्तानी गेल्यावरची वंदना

खोलीत शिरण्याआधी वंदना दारातच थांबायची आणि विचारायची, "कोण कोण हाये?" मग आम्ही एकेकाने आपलं नाव सांगायचं. कुणी नुसतंच खाकरलं, तर म्हणायची, "खाकरू नका जी, नाव सांगा. कोण कुठी बसला हाये, मले मालूम पायजे." भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात ती टेलिफोनवर असे. नवे साहेब रुजू झाले, त्या दिवशी त्यांनाही तिने असंच विचारलं. साहेब गोंधळून उभे राहिले आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगून मोकळे झाले.

लहानपणी तापात तिची नजर गेली. वडील वरठीच्या पोलाद कारखान्यात कामगार. त्यांनी तिला नागपूरच्या अंधशाळेत घातलं आणि तिथे तिला क्रिकेट सापडलं. या खेळातल्या चेंडूत छर्रे असतात. तो जमिनीलगत खुळखुळत येतो आणि बॅट आवाजावर फिरवायची असते. वंदना इतकी छान खेळायला लागली की पुढे अंध महिलांच्या भारतीय संघाची कप्तान झाली. मैदानात कोण कुठे उभी आहे हे नावं घेऊन विचारायची तिची सवय तिथलीच. आमच्याकडे साहेबांना फोन जोडून देणारी ही मुलगी रजा टाकून देशाचा संघ चालवायला जायची, याचं आम्हाला भारी कौतुक.

मीही वरठीचीच. रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून ती यायची आणि वाटभर माझ्या चालवण्यावर बोलायची. "ताई, चालवून राहिल्या का ढकलून राहिल्या? सायकलवाले पुढं जाऊन राहिले, मले घंटी ऐकू येते!"

त्या हिवाळ्यात संघ परदेशात स्पर्धेला निघणार होता. दुपारी आम्ही डबे उघडले होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणी पत्रकार होता. "कप्तानी काढून घेतली, तुमची प्रतिक्रिया काय?" त्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. वंदनाने एवढंच विचारलं, "कोणाले देली?" नाव ऐकून म्हणाली, "चांगली पोरगी हाये," आणि फोन ठेवला. मग पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांच्या भाजीत पोळीचा घास बुडवत म्हणाली, "मीठ जास्त पडलं का जी आज?"

तिचा गुडघा दुखतो आणि नव्या दमाचं नेतृत्व हवं, असं कारण मागाहून कळलं. खेळाडू म्हणून तिला संघात ठेवलं होतं. तिचा भाऊ संतापला. "जाऊच नको! कप्तान होती तू. आता त्या पोरीच्या हाताखाली खेळशीन?" मलाही त्याचंच पटत होतं. मी संध्याकाळी तिच्या अंगणात बसले होते, तेव्हा त्या पोरीचाच फोन आला. झरना तिचं नाव, ओडिशाची, एकोणीस-वीस वर्षांची. ती रडत होती. "दीदी, मैंने नहीं माँगा था."

"मालूम है," वंदना म्हणाली. "रोना बंद कर और बता, पहली ओवर किसको देगी?"

नंतर कितीतरी वेळ दोघी फील्डिंग लावत बसल्या. भाऊ चिडून घरात निघून गेला. फोन ठेवल्यावर वंदना मला म्हणाली, "ताई, मी नाही गेली तं त्या पोरीले सारे विचारतीन, वंदना काहून नाही आली? ते कप्तानी करन का जवाब देत बसन?"

ती गेली. अंतिम सामना आम्ही कार्यालयात मोबाइलवर पाहिला. शेवटचं षटक आलं. असं षटक नेहमी वंदनाच टाकायची. तिने हातही पुढे केला होता. पण झरनाने चेंडू दुसऱ्याच मुलीला दिला. आमचे साहेब टेबलावर हात आपटून ओरडले. त्या मुलीने षटक टिच्चून टाकलं आणि भारत जिंकला.

परतल्यावर पहिल्या दिवशी स्कूटरवर मी तिला त्या षटकाबद्दल विचारलं. ती मोठ्याने हसली. "मी कप्तान असती तं ते ओवर मीच टाकली असती ताई. आन आपण हारलो असतो. गुडघा लय दुखून राहिला होता माझा. पावलायच्या आवाजावरून पोरीनं बरोबर ओळखलं."

थोडं अंतर गेल्यावर तिचं हसू थांबलं. "पण संघ निवडणाऱ्यायनं मले पयले सांगाले पायजे होतं न जी. बाहेरच्या माणसानं काहून सांगावं?"

मी स्कूटर कडेला घेतली. ती उतरली नाही. माझ्या पाठीला कपाळ टेकवून रडली, इतक्या दिवसांचं. मग डोळे पुसून म्हणाली, "चला आता, उशीर होऊन राहिला."

आता ती नागपूरला असते आणि मुलींचा संघ घडवते. परवा तिचा फोन आला. आमच्या जिल्ह्यातल्या सानगडीच्या एका मुलीकडची कप्तानी यंदा दुसरीला द्यायची आहे. "तिच्या घरी जाऊन सांगीन म्हणते. तिच्या मायबापासमोर. तुमी येता का संग?"

"अगं, एवढ्या लांब? फोनवर सांग ना."

"फोनवर नाही जी," ती म्हणाली. "तिले दोन गोष्टी सुनवाच्या असतीन मले, तं मी तिच्या समोर नको का?"

उद्या सकाळी मी तिला घ्यायला स्टेशनवर जाणार आहे.