न विकायचा एडका

मल्हारी धनगर दर दिवाळीनंतर सिल्लोडकडून कळप घेऊन यायचा आणि शहराच्या कडेला व्यंकटरावांच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळे, त्याला ज्वारी. तिथल्या बाभळी कधीच गेल्या. आता तिथं पुंडलिकनगरच्या गच्च्यांवर कपडे वाळतात.

व्यंकटराव निवृत्त मास्तर. सत्तर साली पाऊस तुटक पडला. त्या हिवाळ्यात एका सभेत त्यांनी मल्हारीला घोंगडीसकट व्यासपीठावर उभं केलं आणि चारा कमी पडला की काय करतोस, असं विचारलं.

“कमजोर काढतो, गुरुजी. धट्टी ठेवतो.”

टाळ्या पडल्या. व्यंकटराव म्हणाले, हा निसर्गाचा कायदा. देशांचंही तेच. पृथ्वीवर चारा थोडा. दुबळ्यांनी जागा सोडायची, आणि ही निवड युद्धच करतं. मल्हारीला त्यातलं फार कळलं नाही. टाळ्या आपल्याला होत्या, एवढं कळलं. परतताना तो नेहमीपेक्षा ताठ चालला.

त्याचे दोन्ही मुलगे सभेत होते. थोरला रामप्रसाद एका हातानं मेंढरू उचलून खांद्यावर टाकायचा. धाकट्या हनुमानचा एक पाय लहानपणीच्या तापात वाळलेला. आठ दिवसांत रामप्रसाद छावणीच्या मैदानावर भरतीला गेला. छाती मोजणाऱ्यानं फीत दोनदा लावली, कौतुकानं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. ती व्यंकटरावांनीच वाचून दाखवली. मल्हारीच्या बायकोनं, बानाबाईनं, कागद मागून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला.

बहात्तरला काहीच उगवलं नाही. मल्हारीनं आधी लंगडी मेंढरं खाटकाला दिली, मग म्हातारी, मग गाभण. कळपाचा एडका, वंश वाढवणारा नर, तेवढा राखला. हनुमान अर्धी भाकरी खाऊन उठायला लागला. बापानं एकदा रागावून विचारलं.

“तुमीच म्हणाला व्हता, आबा,” तो म्हणाला. “कमजोर आधी.”

मल्हारीच्या हातातला घास तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात व्यंकटराव आले. वीरपित्याचा सत्कार होता. मागचंच वाक्य पुन्हा म्हण, तरुण पेटून उठतील, असं त्यांनी सांगितलं. मल्हारी गेला. हनुमानला त्यानं पुढं बसवलं.

“मागच्या खेपेला गुरुजींनी अर्धंच इचारलं,” तो म्हणाला. “कमजोर आमी खाटकाला देतो, व्हय. पण धट्टा एडका कधीच देत नाय. तुमी छाती मोजून धट्टाच नेला. अन् पोरं मेंढरं नसत्यात. त्यांच्यात निवड करायची नसती. माझं तवा चुकलं.”

व्यंकटरावांनी माईक स्वतःकडे ओढला आणि घोषणा दिली. लोकांनी ती उचलली. टाळ्या मागच्याइतक्याच होत्या.

संध्याकाळी हनुमाननं अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी पाय ओढत नेऊन त्यानं एडक्यापुढं धरली.

सकाळी मल्हारीनं एडक्याच्या गळ्यातली घंटी सोडली, दोरी हनुमानच्या हातात दिली आणि दोघांना घेऊन खाटकाकडे गेला. एडका गेला म्हणजे कळप संपला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून ते सडकेच्या कामावर खडी फोडायला लागले. दुपारी बानाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. मल्हारी पोराच्या हाताकडे बघत बसला. हनुमाननं भाकरी मोडली, अर्धी खाल्ली, थांबला, आणि मग उरलेलीही खाल्ली.