दादाच्या मानेतलं अवधाण

यातला एक शब्दही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही. बायकोजवळसुद्धा नाही. परवा दादाच्या श्राद्धाला वहिनी पुन्हा त्याच्या फोटोवर चिडली आणि मी खीर ओरपत बसलो. असा संताप आला — कुणाचा? माझाच.

दादा, माझा थोरला भाऊ, गडमुडशिंगीतला नावाजलेला गुळव्या. गूळ शिजवायच्या काहिलीतल्या पाकाचा नुसता वास घेऊन सांगायचा, आता उतरवा. आणि कॅन्सर झाला तो नेमका नाकात! असला रोग डॉक्टरांनीही क्वचितच पाहिला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले. जीव वाचला, वास गेला. मग बहात्तरच्या दुष्काळानंतर काहिलीवर मी उभा राहिलो. दादा शेजारी बसून विचारायचा, "वास कसा आलाय रं?" मी सांगेन ते तो खरं मानायचा.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन दाखवलं होतं — हा रोग पुढं मानेतल्या गाठींत उतरू शकतो. दर महिन्याला जबड्याखाली चाचपायचं. कडक, न दुखणारी गाठ हाताला लागली की त्याच आठवड्यात घेऊन यायचं; वेळेत आलात तर काढता येईल. याहून सोपं करून कुणी काय सांगायचं?

दिवाळी झाली, गुऱ्हाळ पेटलं. एका सकाळी दादा आला. "बघ की जरा, हितं काय लागतंय." मान पुढं केली. चिंचोक्याएवढी गाठ. मी दाबली. "दुकतंय?" "न्हाय." मला कळलं. तिथंच कळलं.

आणि मी काय म्हणालो? "अवधाण हाय. दाढ किडलीया न्हवं तुजी?"

दाढ ठणकली, पायात काटा मोडला, की जबड्याखाली नाहीतर जांघेत अशी गाठ येते. तिला आमच्याकडं अवधाण म्हणतात. चुना-गुळाचा लेप लावला की बसते. लेप मीच लावला. मीच केलेल्या गुळाचा.

का? खोटं कशाला बोलू — मिरवायचं होतं मला! लोक नुकतेच म्हणायला लागले होते, धाकट्याचाही हात बसला. मुंबईला गेलो असतो तर काहिलीवर दुसरा गुळव्या उभा राहिला असता. एवढंच. एवढ्यासाठी.

हंगाम संपवून नेला तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती, आत चिकटली होती. डॉक्टर म्हणाले, आता कापता येणार नाही. मग माझ्याकडं वळले — "तुम्हाला दाखवलं होतं ना मी?" आणि मी, हरामखोर, म्हणालो, "यानं सांगितलंच नाही, साहेब."

दादा समोरच होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाला, "व्हय. म्याच लपवलं."

पावसाळ्यात बैलांचा बेंदूर सण यायच्या आत तो गेला.

वहिनी अजून फोटोला विचारते, "सांगाया काय झालतं तुमास्नी?" आणि गाव म्हणतं, भाऊ असावा तर असा, मुंबईच्या खेपा घातल्या त्यानं. मी ऐकून घेतो. इतकी वर्षं ऐकून घेतोय — लाज वाटत नाही का मला? वाटते. तरी घेतो.

दादानं काहीही लपवलं नव्हतं. गाठ लागली त्याच सकाळी त्यानं मान माझ्यापुढं केली होती.