अप्पांनी चाखलेलं अतिविष

नांदेडला एका काढ्याच्या कारखान्यात आलेला माल तपासायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. या बावीस वर्षांत डोकं फिरवणार नाही असं पोतं फार क्वचित आलं. अशोकाची साल म्हणून भलत्याच झाडाची साल. शतावरीला वजनासाठी ओली माती. परवा हिमायतनगरकडच्या एका माणसाच्या गुळवेलीत सुतळीचे तुकडे निघाले, तर तो मलाच म्हणतो, मॅडम, जंगलातला माल हाय, जंगल खोटं बोलत न्हाई. जंगल नाही रे बाबा बोलत, तू बोलतोस. रोजचं हेच. घरी येईपर्यंत घसा बसलेला असतो, आणि माझी मुलगी म्हणते, आई, तू भाजीसुद्धा भिंगाखाली बघशील.

बघते. बघते म्हणून वाचलो.

त्या वेळी मुलगी माझ्याकडे बाळंतपणाला आली होती. नात दीड महिन्याची झाली आणि लातूरहून माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, घुटीचा पुडा पाठवला. अप्पांचं लातूरला जडीबुटीचं दुकान आहे. उभ्या जन्मात त्यांनी तपासणी केली ती एकाच तऱ्हेनं. नवा माल आला की कण जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि निकाल सांगायचा. गावोगावच्या बाया 'अप्पांनी चाखलेलं द्या' असंच म्हणत येतात. मी भिंग काढलं की त्यांचं ठरलेलं: हातच्या कांकणाला आरसा कशाला?

घुटी म्हणजे सहाणेवर एकेक जिन्नस दुधात दोन-चार वेढे उगाळायचा आणि बाळाला चाटवायचं. पुड्यात हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सगळं ठीक होतं. अतिविषाची मुळी हातात घेतली आणि मी थांबले. अतिविष बारकं, राखी रंगाचं असतं, मोडलं की आत पांढरं. ही मुळी थोराड, काळपट, आणि आतून तपकिरी. कण जिभेच्या टोकाला नुसता टेकवला, थुंकला, चुळा भरल्या, तरी जिभेला मुंग्या आल्या आणि टोक बधिर झालं. बचनागाच्या जातीचं मूळ होतं ते. अतिविष नावालाच विष, खरं विष हे. दीड महिन्याच्या पोटात याचा एक वेढासुद्धा जायला नको.

पुडा उचलून कपाटात वर ठेवला. मग आला राग. फोन केला तर अप्पा म्हणाले, म्या चाखून बांधलंय, आणि फोन ठेवून दिला. मुळी डबीत घातली आणि सकाळची लातूरची पहिली एसटी धरली. अहमदपूर येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडूनही झालं होतं.

पण झालं काय? पालथ्या घड्यावर पाणी. मी दुकानात बोलत राहिले आणि अप्पांनी, मी हात धरायच्या आत, पोत्यातला कण जिभेवर ठेवलासुद्धा. कडू हाय, अस्सल हाय, म्हणाले आणि थुंकले. मी विचारलं, मुंग्या येतात का? तर म्हणे, मुंग्या चुन्यानंबी येतात. तोंडात तंबाखू-चुना कायमचा. माल कुणाकडून घेतला विचारलं, तर जुना व्यापारी थकला म्हणून नव्या माणसाकडून मागवला, असं निवांत सांगितलं. मी मुळी मोडून दाखवली, भिंग पुढे केलं. ते तराजू पुसत बसले.

दुपारी दुकानामागच्या घरात मी रागारागानं वरण-भात टाकला. आई गेल्यापासून मी तिथं असले की स्वयंपाक माझ्याकडे. माझ्या हातच्या जेवणाला अप्पांनी कधी बरं म्हटलं नाही. मीठ कमी, नाहीतर मीठ जास्त. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. गेली दोन वर्षं मात्र निमूट जेवायचे आणि वर झकास म्हणायचे. म्हातारपणी मऊ झाले, या कल्पनेनं मी लई सुखावले होते, मुलीला कौतुकानं सांगितलंही होतं. त्या दिवशीही पहिला घास घेऊन ते म्हणाले, झकास झालंय.

मग मी घास घेतला. वरणात मीठच नव्हतं. रागाच्या भरात घालायचं राहिलं होतं.

"अप्पा," मी म्हणाले, "यात मीठ नाही."

ते चावायचे थांबले.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आधी खारट गेलं, मंग आंबट. कडू तेवढं कळतंय असं वाटायचं."

इतके दिवस सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"कुनाला सांगू? समदं दुकान या जिभंवर उभं हाय."

मला त्यांची इतकी चीड आली की रडू फुटलं. आणि माझीही आली. पोत्यापोत्यावर संशय घेणारी मी, त्यांचं ते 'झकास' मात्र न तपासता घेतलं. कारण ते मला हवं होतं.

या पोत्यातलं आणखी कुठं गेलं, हे विचारलं. दोन पुडे गेले होते, एक जवळच्याच मुरुडला, एक जळकोटला. अप्पा गिऱ्हाईक विसरत नाहीत. तसेच उठून दुकानात आले आणि स्वतः फोन लावले. मुरुडचा पुडा अजून बांधलेलाच होता. जळकोटच्या बाळाच्या आजीनं सांगितलं, आणि फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू आलं: "म्या उगाळायच्या आधी चाटून बघितलं, अप्पा. जीभ लई चरचरली. पर तुमी चाखून दिल्यालं, म्हटलं माझ्याच जिभंला काय झालं आसंल. उद्यापासून देनार हुते."

दुकानात दोन बाया उभ्या होत्या. तरी अप्पांनी आवाज खाली केला नाही.

"तुमची जीभ बराबर हाय, बाई," ते म्हणाले. "माझी गेली. ते बाळाला देऊ नका, कुनाच्या हाताला लागू देऊ नका. पुडा न्यायला म्या येतो."

मग त्या दोघींकडे वळून म्हणाले, आता माझं चाखलेलं मागू नका. मी पोत्याचं तोंड शिवलं आणि ते आतल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं.

संध्याकाळी मीठ आठवणीनं घातलं. अप्पांनी एक घास घेतला आणि थांबले. जन्मभर माझ्या मिठाला नावं ठेवणाऱ्या माणसानं मान खाली घालून विचारलं, "मीठ बराबर हाय का गं?"

तोंडावर हो आलं होतं. तरी मी आधी चाखून बघितलं.

"जरा कमीच आहे, अप्पा," मी म्हणाले. "थांबा, आणते."