मडगार्डवर लिहिलंय

फौजेत एक म्हण आहे: हलेल त्याला सलाम ठोका, हलणार नाही त्याला रंग लावा. चोवीस वर्षं मी दोन्ही इमानाने केलं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन माझ्या गावी, सर्वणला परतलो तेव्हा गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि मराठी-कोकणीवरून डिचोलीत सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. मी कुणाच्याच बाजूने बोललो नाही. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकला नसता.

मयेला पुंडलीकबाबचं गॅरेज होतं. खाणींची यंत्रं तिथे दुरुस्तीला यायची. मागच्या आवारात एक जुना ट्रॅक्टर पडून होता, फोर्कलिफ्ट जोडलेला. एका परदेशी पाहुण्याने तो दुर्मीळ असल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून पुंडलीकबाबला त्याची वंशावळ हवी झाली. आमच्याकडे मूळ न सापडणारी प्रत्येक वस्तू पोर्तुगीजांची ठरते, तसा हाही ठरला होता. मी दारूगोळा डेपोत लोडिंग प्लॅटफॉर्म सांभाळलेला, म्हणून त्याने मला बोलावलं.

सकाळी साडेनऊला पोचलो. कंपनीची पट्टी कुणीतरी उपटून नेलेली. सीट मात्र मोठ्या चाकांकडे तोंड करून बसवलेली होती. म्हणजे ट्रॅक्टर उलटा फिरवून त्याच्या मागच्या बाजूला फोर्क लावले होते. असं काम आमच्या वर्कशॉपने केलेलं मी पाहिलं होतं. थिनरचा बोळा घेऊन चासी घासली. खाणीचा पिवळा रंग गेला, खाली फौजी हिरवा आला आणि त्यावर नंबर. तो नंबर मला पाठ होता.

तिथूनच घरी पळावंसं वाटलं. पण ब्लेड घेतलं आणि डाव्या मडगार्डवरचा पिवळा आणि त्याखालचा हिरवा थर खरवडला. दहा मिनिटांनी पांढरी अक्षरं दिसली: गिअर उलटा.

सीट फिरवली तरी गिअर ट्रॅक्टरचेच राहिले होते. पुढचा टाकला की मशीन मागे जायचं, मागचा टाकला की पुढे. जुन्या ड्रायव्हरने ते मडगार्डवर लिहून ठेवलं होतं. दहा वर्षांपूर्वी डेपोत एका सोमवारी इन्स्पेक्शन होतं, म्हणून शनिवारी मी हुकूम दिला की सगळ्या मशीनना रंग मारा. नंबर पुन्हा स्टेन्सिलने काढून घेतला, कारण तो नियमात होता. ते दोन शब्द नियमात नव्हते.

मंगळवारी जुना ड्रायव्हर रजेवर गेला. त्याच्या जागी लान्स नाईक अर्जुन गावस आला. पेडण्याच्या इब्रामपूरचा, म्हणजे गोव्याचाच. दोनच दिवसांपूर्वी तो ट्रकवरून आमच्याकडे बदलून आला होता. त्या दोन दिवसांत आम्ही लंगरच्या डाळीला नावं ठेवून घेतली आणि सुक्या बांगड्याच्या आठवणी काढल्या. पोरगा मला आवडला होता.

१४२० वाजता त्याने विचारलं, “साब, ह्याचे गिअर?”

मी पेट्यांची यादी तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “मडगार्डवर लिहिलंय. वाच.”

“जी साब.”

मडगार्डवर काही नव्हतं. हवालदाराला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, हेही आम्हीच शिकवलेलं. मशीन प्लॅटफॉर्मच्या कडेला, रुळांकडे तोंड करून उभं होतं. मागे घ्यायला त्याने मागचा गिअर टाकला. मशीन पुढे गेलं आणि चार फूट खाली त्याच्या अंगावर उलटलं.

मी दवाखान्याला कळवायला वायरलेस उचलला. “एमआय रूम, अँब्युलन्स प्लॅटफॉर्म टू. ओव्हर.”

“कॅज्युअल्टी किती? ओव्हर.”

“एक.”

अँब्युलन्स १४३१ला आली. तो १४२५लाच गेला होता. त्याचा हात माझ्या हातात होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, ड्रायव्हरला सूचना दिली होती का. मी ‘यस सर’ म्हणालो. रंगाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निकाल लागला: ड्रायव्हरची चूक. मशीन दुरुस्त होऊन पुढे लिलावात गेलं.

पुंडलीकबाबला सांगितलं, ट्रॅक्टर विलायती आहे, फौजेत फोर्कलिफ्ट झाला, पोर्तुगीजांनी तो पाहिलाही नसेल. तो हिरमुसला. बाकीचं त्याला सांगायचं नव्हतं. ते ज्यांना सांगायचं होतं ते इब्रामपूरला होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो. अर्जुनची बायको सुनंदा घरापुढच्या खळ्यात बसून काजूच्या बोंडांतून बिया वेगळ्या करत होती. मी नाव सांगितलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. शनिवारचा हुकूम, मंगळवारचं उत्तर, इन्क्वायरीतलं यस सर. तिचा हात थांबला नाही. मला लाज वाटत होती. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

टोपली भरल्यावर ती बोलली. “अर्जुनाक मशीन चलवूक येय नाय होता, असा गाव म्हणता. धा वर्सां आयकतंय. माका कशाक सांगतात? गावाक सांगा.”

संध्याकाळी सहाला देवळाच्या मंडपात माणसं जमली. मी सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट देतात तसा दिला. अर्जुन गावस याची चूक नव्हती, चूक माझी होती. एक म्हातारा उठून निघून गेला. तो अर्जुनचा बाप होता, हे मला मागून कळलं.

बसकडे निघालो तेव्हा सुनंदाने एक आंतर्देशीय पत्र हातात दिलं. अर्जुन आमच्या डेपोत आला त्याच दिवशी त्याने घरी लिहिलेलं. सुवाच्य अक्षर, शेवटी दोन ओळी:

‘इथले हवालदारसाहेब आपल्या गोव्यातल्या सर्वणचे आहेत. आता माझी काळजी करू नये.’