डावा हात माझा
कॉम्प्युटर तापला की त्याच्या पंख्यातून गरम धुळीचा वास येतो, आणि मला काळाचौकीच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. पोरगा लहान होता तेव्हापासून आम्ही बापलेक टीव्हीला गेम जोडून एकमेकांविरुद्ध खेळायचो, आणि मी त्याला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही. मग परळच्या हॉस्पिटलात त्याच्या खांद्यातली कॅन्सरची गाठ काढली आणि डावा हात नुसता लटकत राहिला. गेमचा रिमोट दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून त्याने कॉम्प्युटर घेतला. उजव्या हाताने माउस धरून तो बंदूक चालवणार, आणि पडद्यावरचा माणूस चालवायची कीबोर्डवरची चार बटणं डाव्या हाताची, म्हणजे माझी. मला इंग्रजी अक्षरं कळत नाहीत हे मी काही बोललो नाही, पण सुनेने गुपचूप आपल्या पाकिटातल्या चार टिकल्या त्या बटणांवर चिकटवल्या. पहिल्याच खेळात मी माणूस भिंतीवर नेऊन आपटला. पोरगा म्हणाला, "बाबा, गिरणीत कापड विणायचे चार साचे सांभाळायचात ना? मग चार बटणं जड झाली?" "तू आधी नेम धर रे," मी म्हटलं. दिवेलागणीला एक खेळ जिंकलो, दोघांनी एका बाजूने जिंकलेला तेवढाच. गणपतीआधी तो गेला. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर विकून टाका. मी रोज लावतो. माणसाला पळवतो, समोरून गोळ्या येतात, तो पडतो, मी पुन्हा उभा करतो. माझा उजवा हात मोकळाच असतो, पण माउसला मी हात लावत नाही. ते काम त्याचं.